नारिंगी ड्रेस आणि सुलूमावशीची पाठवणी

माझ्या सख्ख्या मावशीच्या अंत्ययात्रेला मी नारिंगी रंगाचा, बशीएवढ्या पांढऱ्या ठिपक्यांचा, अंगाला घट्ट चिकटलेला ड्रेस घालून गेले होते.

हे सांगितलं की लोक आधी माझ्याकडे बघतात आणि मग नितीनकडे. (नितीन म्हणजे माझा नवरा. तो अशा वेळी मोबाइलमध्ये डोकं घालतो.) पण मी काही मुद्दाम घातला नव्हता हो! तो घातलेला होता आणि निघत नव्हता. या दोन गोष्टींत फरक आहे, आणि तो मला त्या दिवशी नाहूरच्या त्या तिसऱ्या मजल्यावर कोणालाही समजावून सांगता आला नाही.

मला जुन्या काळचे कपडे शिवायचा नाद आहे. जुने म्हणजे आपल्या आया तरुण होत्या तेव्हाचे. फुग्याच्या बाह्यांची पोलकी, बेलबॉटम, बोटनेकचे ब्लाउज. मुलुंडला आमच्या दोन खोल्यांच्या घरात एका कोपऱ्यात मशीन आहे आणि उरलेल्या घरात टाचण्या आहेत. (नितीनच्या तळपायाला विचारा.) हिवाळ्यात मी विणतेसुद्धा. मुलुंडचा हिवाळा एका दुपारी येतो आणि संध्याकाळी जातो, त्यामुळे माझा एकही स्वेटर आजवर वेळेत पूर्ण झालेला नाही.

या सगळ्या प्रकाराला घरात फक्त एका माणसाचा पाठिंबा होता. तो म्हणजे सुलूमावशी. आईची धाकटी बहीण. आई गेल्यापासून माझं माहेर म्हणजे नाहूरचा तिचा फ्लॅट. मी दिसते थेट मावशीसारखी; तेच नाक, तेच पुढे आलेले दात. फक्त मावशी बोलायची. सकाळी डोळे उघडले की तिचं तोंड सुरू व्हायचं ते झोपेपर्यंत. तिचे मिस्टर, म्हणजे काका, म्हणायचे, "झोपेत पण बोलते, फक्त तेव्हा मध्ये श्वास घेते."

तर एकदा तिच्या अल्बममध्ये मला एक फोटो सापडला. लग्नाआधीचा, जुहूच्या वाळूत काढलेला. काळापांढरा. मावशी कमरेवर हात ठेवून उभी, अंगात तंग कमीज, त्यावर हे मोठ्ठे ठिपके.

"मावशी! रंग कुठला गं होता?"

"नारिंगी! भडक नारिंगी! तो घालून मी यांना भेटायला गेले तर माझी होणारी सासू गॅलरीतून ओरडली, सर्कशीत चाललीस काय गो?"

"मी शिवू असा?"

मावशीचे डोळे असे चमकले की मला तिथंच कळलं, आता सुटका नाही. त्यानंतर ती दर दोन दिवसांनी फोन करायची. "कापड मिळालं? बाह्या लावल्यास? अगं, मला बघायचाय तो. माझं काही खरं नाही आता, हार्टवाली बाई मी." मी म्हणायचे, काहीतरी बोलू नकोस.

मे महिन्यातला रविवार होता. ड्रेस शिवून झाला होता. शिलाईच्या आत जे जास्तीचं कापड सोडतात त्याला आमच्या शिवणकामात 'माया' म्हणतात. ती मी फारच कमी सोडली होती. नितीननं पाठीमागची चेन वर ओढली तेव्हा मी श्वास आत घेतला, आणि पुढे बराच वेळ तो बाहेर काढायची सोय राहिली नाही.

"झकास!" नितीन म्हणाला. "आता काढ."

चेन खाली येईना. त्यानं ओढली, हिसडली, माझ्या पाठीत गुडघा रोवून ओढली. चेनची किल्ली त्याच्या हातात आली. चेन जागच्या जागी.

आम्ही दोघं हसत होतो. मी सांगते, अगदी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होतो. आणि तेवढ्यात फोन वाजला. विद्याचा. विद्या म्हणजे मावशीची मुलगी, गोरेगावला असते, त्या दिवशी आईकडे आलेली.

"अंजू," ती म्हणाली, "आई जेवून आडवी झाली ती उठलीच नाही गं. डॉक्टर येऊन गेले. तू ये."

मी कशी खाली बसले ते आठवत नाही. खरं म्हणजे बसलेच नाही. त्या ड्रेसमध्ये बसता येतच नव्हतं. भिंतीला टेकून उभी राहिले. नितीन स्वयंपाकघरातून कात्री घेऊन आला. "उभी रहा, मी कापतो." कात्रीचं थंड टोक मानेला लागलं आणि मी किंचाळले.

"कापू नको! मावशीनं अजून बघितला नाहीये!"

नितीन थांबला. माझ्याकडे बघत राहिला. मी काय बोलले ते माझ्याही तेव्हा ध्यानात आलं. पण त्यानं गपचूप कात्री खाली ठेवली, कपाटातून पांढरी वॉयलची साडी काढली आणि मला तिच्यात गुंडाळली, जसं घाईच्या वेळी कुरिअरवाले सामान गुंडाळतात. उन्हाळ्याची साडी ती. तिच्यातून आतला नारिंगी रंग असा दिसत होता की रिक्षावाल्यानं आरशातून दोनदा बघितलं. मी रिक्षात तिरकी, पाय ताणून, अर्धी उभी बसले आणि मुलुंड ते नाहूर रडत गेले. त्या ड्रेसमध्ये नीट हुंदकासुद्धा येत नव्हता. अर्ध्यात अडकायचा.

नाहूरला वेगळाच पेच उभा होता.

मावशीला हॉलमध्ये ठेवलं होतं. सवाष्ण गेली म्हणून हिरवी साडी, कपाळभर कुंकू, केसांत गजरा. आणि तिच्या उशाशी खुर्ची टाकून काका बसले होते. काकांची स्मृती गेली काही वर्षं हळूहळू चालली होती. सकाळी काय खाल्लं ते त्यांना दुपारी आठवायचं नाही. हात लावायला येईल त्याला ते बोटानं गप्प करत होते.

"श्श! झोपलीय ती. चहाला उठेल."

विद्यानं समजावलं. शेजारच्या सावंतवहिनींनी समजावलं. सोसायटीचे तावडेभाऊ, जे आजूबाजूच्या चार इमारतींमधल्या माणसांना शेवटचं पोचवण्यात तरबेज, त्यांनीही हात टेकले होते. खाली शववाहिनी उभी. स्मशानातली वेळ ठरलेली.

"काका, अहो सुलभावहिनी गेल्या," तावडेभाऊ म्हणाले.

"कुठे गेली?"

"देवाघरी."

"मग ही कोण?" काकांनी मावशीकडे बोट दाखवलं. तावडेभाऊंनी आजवर इतकी माणसं पोचवली, पण हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता.

मी दारातून आत आले. विद्यानं मला बघितलं आणि "अंजूऽऽ" करून गळ्यात पडली. विद्या तब्येतीनं चांगली आहे. तिनं मला मिठी मारली, मागे झाली आणि माझा पदर तिच्या बांगडीत अडकून तिच्याबरोबर गेला. नितीननं साडीला एकच पिन लावलेली. ती तुटली. निऱ्या सुटल्या. आणि भरल्या घरात, समया, उदबत्त्या आणि पांढऱ्या कपड्यांतल्या चाळीसएक माणसांच्या मधोमध मी उभी राहिले. नारिंगी. ठिपक्यांची.

मी घाबरून साडी उचलायला वाकले. काखेतली शिवण म्हणाली, टर्रर्र!

काका खुर्चीतून उठले.

"सुले!" ते म्हणाले. "खंय होतंस गो? कधीपासून शोधतोय मी तुला!"

मी विद्याकडे बघितलं. विद्यानं माझ्याकडे. काका थरथरत आले आणि त्यांनी माझा हात धरला. इतका घट्ट की अजून आठवला तरी बोटं दुखतात. मग ते वळले, मावशीकडे बघून त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या आणि हळूच मला विचारलं, "आणि मग ही कोण? एवढं नटून आपल्या हॉलमध्ये का झोपलीय?"

उत्तर दिलं तावडेभाऊंनी. त्या माणसाला खरंच मानलं मी. क्षणभर डोळे मिटले आणि म्हणाले, "पाहुण्या आहेत, काका. नेऊ ना आता त्यांना?"

"न्या, न्या," काका एकदम घाईनं म्हणाले. "बिचारीची घरी कोणीतरी वाट बघत असेल."

विद्याच्या तोंडातून जो आवाज आला तो हसण्याचा की रडण्याचा, ते तिला विचारलं तरी सांगता यायचं नाही. मावशीला उचललं. काका माझा हात धरून दारापर्यंत आले. यजमान पाहुण्यांना सोडायला येतो तसे. तिरडी जिन्याकडे वळली तेव्हा त्यांनी हात जोडले आणि खणखणीत आवाजात म्हणाले,

"या पुन्हा!"

मयताच्या घरी 'या' म्हणत नाहीत, 'येतो' म्हणत नाहीत. लोक न बोलता उठून जातात. जिन्यातली सगळी माणसं जागच्या जागी थिजली. एका म्हाताऱ्या बाईनं चक्क दोन पायऱ्या उलट्या चढून देवाचं नाव घेतलं. मी दाराच्या चौकटीला टेकून उभी होते, आणि माझ्या मावशीचा चेहरा शेवटचा दिसला तो खांदेकऱ्यांच्या मधून, जिन्याच्या वळणावर. रडायचीही चोरी. मी सुलू होते ना! सुलूनं कशाला रडायचं?

"काय झालं गो?" काका म्हणाले. "पाहुण्यांसाठी एवढं वाईट वाटून घेऊ नये. चहा कर."

चूल पेटवायची नव्हती. सावंतवहिनींनी त्यांच्या घरून थर्मास आणला, मी स्वयंपाकघरात जाऊन आल्याचं सोंग केलं. काकांनी एक घोट घेतला. "आज साखर बरोबर पडली. रोज मेली कमी घालतेस." (मावशी त्यांच्या डायबेटिसमुळे साखर घालायचीच नाही. सावंतवहिनींना कुठे माहीत!)

माणसं स्मशानातून परतली, आंघोळी झाल्या, काका झोपले. तेव्हा विद्यानं मला बाथरूममध्ये नेलं. तिनं चेनीवर साबण घासला, पक्कडीनं धरून ओढली, आणि ती सुर्रकन खाली आली. इतका वेळ आत कोंडलेला श्वास बाहेर पडला आणि त्याच्यामागोमाग सगळंच आलं. आम्ही दोघी बहिणी बादलीला टेकून फरशीवर बसलो आणि तोंडात टॉवेल कोंबून रडलो. तिच्या मांडीवर तो ड्रेस. तिनं ठिपक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली,

"अंजू, उद्या हाच घालून येशील?"

"वेडी झालीस का?"

"बाबा उठले की विचारतील, सुलू कुठंय. मी रोज त्यांना नव्यानं सांगू, आई गेली? रोज?"

काखेत पट्टी जोडली, चेन काढून हुक लावले, आणि दुसऱ्या दिवसापासून ऑफिसला रजा टाकून सुलू म्हणून नाहूरला कामावर रुजू झाले.

पण सुतकाचं घर म्हणजे भेटायला येणारी माणसं. आणि येणारा प्रत्येक माणूस दारात चपला काढून, चेहरा पाडून आत यायचा, तर समोर काय? फोटोला हार, त्यापुढे दिवा, आणि बाजूला सोफ्यावर म्हातारा विधुर एका नारिंगी बाईचा हात हातात घेऊन बसलेला!

वाकोल्याहून काकांच्या चुलतबहीण आल्या, नलूआत्या. त्यांनी फोटोकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि विद्याला स्वयंपाकघरात ओढलं. कुजबुज इतकी मोठी की काकांशिवाय सगळ्यांना ऐकू आली.

"अगं, अजून दिवससुद्धा झाले नाहीत! कुठून आणली ही?"

"आत्या, ही अंजू. आईची भाची."

"भाची?" नलूआत्यांनी कपाळावर हात मारला. "अरे देवा! म्हणजे घरातलीच?" मग जरा विचार करून म्हणाल्या, "चला, निदान आपल्यातली तरी आहे."

तावडेभाऊ खुलासा करायला पुढे आले आणि त्यांनी उरलीसुरली वाट लावली. "तसं काही नाही हो. या फक्त दिवसा येतात. संध्याकाळी यांचा नवरा येऊन घेऊन जातो."

नलूआत्या पाणी न पिता गेल्या.

नवरा, म्हणजे नितीन, त्याची कथा आणखी वाईट. तो संध्याकाळी मला न्यायला यायचा. पहिल्या दिवशी काका त्याच्याशी नीट बोलले. दुसऱ्या दिवशी जरा तुटक. नंतर एके संध्याकाळी दारामागून छत्री घेऊन उभे!

"हा कोण? रोज अंधार पडायच्या वेळेला येतो आणि माझ्या बायकोला घेऊन जातो!"

"काका, मी नितीन. अंजूचा नवरा."

"अंजूचा ना? मग अंजूला ने! हिला कशाला हात लावतोस?"

बरोबर होतं त्यांचं. नितीन माझ्याकडे बघायला लागला, मी विद्याकडे. तोवर छत्री त्याच्या खांद्यावर बसली. त्यानंतर तो खाली गेटवर उभा राहायचा, आणि मी स्वतःच्या नवऱ्याकडे कोणाला न दिसेल अशी पळत जायचे. वॉचमननं काय समज करून घेतला असेल ते घेतला. मला पुढे पुढे 'भाभी' म्हणायचा बंद झाला.

हे सगळं हसण्यासारखं आहे, आणि आम्ही हसलोही. पण दिवसभर तिथं बसणं सोपं नव्हतं. काका माझ्याशी त्यांच्या बायकोचं बोलायचे. विद्या लहान असताना तापानं फणफणली ती रात्र. नोकरी गेली आणि त्यांनी घरी महिनाभर सांगितलं नव्हतं, ते दिवस. "तुला तेव्हाच कळलं होतं ना? तरी रोज डबा भरून द्यायचीस." मी मान हलवायचे. दुसऱ्याची माफी आणि दुसऱ्याचं प्रेम हातात घेऊन बसल्यासारखं वाटायचं. ज्या बाईनं हे सगळं ऐकायचं ती भिंतीवर हार घालून होती, आणि मी तिच्या ड्रेसमध्ये घाम पुसत होते.

तेराव्याचं जेवण झालं. माणसं पांगली. विद्या आत भांडी आवरत होती. मी नेहमीसारखी काकांच्या शेजारी. ते बराच वेळ फोटोकडे बघत होते. मग माझ्याकडे न बघता म्हणाले,

"तू सुलू नव्हेस."

"काका..."

"अंजू तू."

"हो काका. कधी कळलं तुम्हाला?"

"दोनतीन दिवस झाले असतील. कधी कळतं, कधी परत जातं." ते हातावर हात चोळत राहिले. "मी एवढं बोललो आणि तू ऐकून घेतलंस. सुलूनं मला आयुष्यात एक वाक्य पुरं करू दिलं नाही गो."

मला हसू आलं आणि त्याच क्षणी रडूही.

"ती पाहुणी नव्हती ना?" त्यांनी विचारलं.

"नाही, काका."

"आणि मी तिला 'या पुन्हा' म्हणालो?"

"हो."

"काय करणार? मनात तेच होतं."

मग ते रडले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. आवाज ऐकून विद्या ओल्या हातांनी धावत आली आणि तिच्या बापाजवळ खाली बसली. मी उठून तिला जागा दिली. खिडकीत जाऊन उभी राहिले. मागून काकांचा घोगरा आवाज आला.

"अंजू, तो ड्रेस आता काढ. फार वाईट दिसतो."

"मावशीला आवडायचा ना पण?"

"तिला आवडायचा. तिच्यावर पण वाईटच दिसायचा. लग्नाआधी बोललो असतो तर लग्न मोडलं असतं. लग्नानंतर बोलायला मिळालंच नाही."

काकांना आता विद्यानं गोरेगावला नेलंय. नाहूरचा फ्लॅट बंद आहे. आजार पुढे सरकत चाललाय. विद्याला ते कधी 'बाई' म्हणतात, कधी 'सिस्टर'. स्वतःचं आडनाव विचारलं तर गप्प बसतात. सुलूचं नाव मात्र काढत नाहीत. कधी आठवत नाही म्हणून, कधी आठवतं म्हणून, असं विद्या म्हणते.

परवा मी त्यांना भेटायला गेले. त्यांच्यासाठी खास जुन्या पद्धतीचा बिनबाह्यांचा स्वेटर विणून नेला होता. अंगात घातला. डावी बाजू कमरेशी, उजवी मांडीशी. काका बराच वेळ खाली बघत होते. विद्यानं माझ्याकडे बोट दाखवून जरा आशेनं विचारलं, "बाबा, ओळखलंत का ही कोण?"

काकांनी डोळे बारीक केले. माझं नाक बघितलं, दात बघितले, स्वेटर बघितला. आणि सगळा चेहरा एकदम उजळला.

"ओळखलं ना! ही ती बाई. कपडे बिघडवणारी!"

विद्या आनंदानं रडायला लागली. डॉक्टरांनाही तिनं लगेच फोन करून कळवलं: बाबांची स्मरणशक्ती अजून शाबूत आहे.